मी तिला माफ केलं होतं

ही गोष्ट मी आजवर सलग अशी कुणालाच सांगितलेली नाही. तुकडे सांगितलेत. बायकोला एक, मॅनेजरला एक, विहाराच्या सेक्रेटरींना एक — आणि त्यातले बरेचसे तुकडे खोटे होते. गेल्या महिन्यात गोदामाच्या गेटवर उभा राहून जे बोललो ते खरं होतं, पण ती जेमतेम पाच-सहा वाक्यं. शिफ्ट सुटली होती, लोकांना घरी जायचं होतं. तुम्हाला तशी घाई नाही असं धरून चालतो. कारण पाच-सहा वाक्यांत न मावणारा एक भाग अजून शिल्लक आहे, आणि तोच सगळ्यात वाईट आहे.

कुठून सुरू करू? फोटोपासून केलं तर तुम्हाला वाटेल की कबुली फोटोची आहे. ती नाही. फोटोची लाज वाटते मला, अजूनही वाटते — पण लाज वेगळी आणि अपराध वेगळा. हे कळायला मला तीन वर्षं लागली. म्हणून आधी गेटबद्दल सांगतो.

मी भिवंडीत राहतो आणि वळ गावच्या हद्दीतल्या एका गोदामात डिस्पॅच सुपरवायझर आहे. आमच्याकडे आत फोन नेता येत नाही. हमालापासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांनी गेटवरच्या खिडकीत फोन जमा करायचा, नंबराचं टोकन घ्यायचं, शिफ्ट सुटली की टोकन देऊन फोन परत. खिडकीमागे लाकडी खणांचं कपाट. आत दोन-अडीचशे फोन, आणि त्यांच्यासमोर दिवसभर बसणारी सिक्युरिटी गार्ड — मंजुळाताई.

त्या अंजूरच्या. वय माझ्याच आसपास. नवऱ्याची रिक्षा, अंजूर ते भिवंडी. आवाज असा की खिडकीतून बोलल्या तरी माल चढवायच्या फलाटापर्यंत ऐकू यावा. या बाईंनी त्या खिडकीत एक रीत पाडली होती. कंपनीच्या कुठल्याही नियमात ती नव्हती. प्रत्येकाला सांगायच्या, घरचा नंबर 'घर' या नावानं ठेवा, मोठ्या अक्षरात. 'घर' एकदा वाजलं तर मी लक्ष देणार नाही, दोनदा वाजलं तरी नाही. लागोपाठ तिसऱ्यांदा वाजलं तर उचलीन आणि आत निरोप धाडीन. आणि धाडायच्या. वायरलेसवरून आवाज यायचा, 'फलाट नंबर चार, अन्सारीभाईला सांगा, मुलगी झाली, दोघी बऱ्या हायत.' अख्खं गोदाम टाळ्या वाजवायचं.

माझाही फोन त्यांनी एकदा उचलला होता. आमच्या घरी बायको, सुनंदा, मोरीत घसरून पडली, मुलगी घाबरून फोनवर फोन करत होती. मंजुळाताईंनी उचलला, मला निरोप दिला, आणि मी गेटवर येईपर्यंत नवऱ्याला रिक्षा घेऊन उभं केलं होतं. सुनंदाचा खुबा वाचला. हा प्रसंग मी कौतुकानं किती जणांना सांगितला असेल! पुढे तोच प्रसंग मी पुरावा म्हणून वापरला — पण थांबा, ओळीनं सांगतो.

तेव्हा मी एकावन्न वर्षांचा होतो. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेलेली. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांत बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं, असं मी तेव्हा मानत होतो. फेसबुकवर एका बाईची विनंती आली. वर्षा नाव. नाशिकला शाळेत शिकवते, नवरा वारलाय, असं म्हणाली. आधी सकाळचे फुलांचे फोटो. मग जेवण झालं का. मग दिवसभरात काय काय झालं ते. मी सकाळी फोन खिडकीत देताना विचार करायचो की संध्याकाळी तिचं काय आलेलं असेल. दोन महिने हे चाललं. मग तिनं एक फोटो पाठवला. मग माझा मागितला. साधा पाठवला तर म्हणाली, असा नाही.

पाठवला. एक नाही, चार. कुणी बळजबरी केली नव्हती. घरी कुणी नसताना, मोरीतल्या आरशासमोर उभा राहून — आणखी वर्णन करत नाही, तुम्ही समजून घ्या.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी टोकन दिलं तेव्हा मंजुळाताई म्हणाल्या, "साहेब, आज तुमचा फोन जाम वाजलाय. 'घर' न्हवतं, म्हनून हात न्हाय लावला." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मला ते तेव्हापासून पाठ आहे.

गेटच्या बाहेर, टपरीच्या आडोशाला जाऊन बघितलं. वर्षा हिंदीत बोलत होती. अंकल म्हणत होती. माझे चारही फोटो मलाच परत पाठवलेले, आणि खाली माझ्या ओळखीच्यांची यादी — मेहुणा, विहाराचे सेक्रेटरी, डिस्पॅचमधला माझा जोडीदार, माझी मुलगी. पैसे भेजो अंकल. तेव्हा मला कळलं की नाशिक नाही, शाळा नाही, कदाचित बाईसुद्धा नाही.

मी पैसे पाठवले. आठवड्यानं पुन्हा मागितले, पुन्हा पाठवले. तिसऱ्या वेळी काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिचा नंबर ब्लॉक करून टाकला आणि दोन दिवस फोनकडे बघितलंच नाही. भेकड माणूस धीट झाल्यावर असंच करतो — डोळे मिटून. त्यांनी एक फोटो तिघांना पाठवला. मेहुण्याला, सेक्रेटरींना आणि जोडीदाराला. मुलीला नाही. का नाही, ते माहीत नाही. कदाचित पुढच्यासाठी राखून ठेवलं असेल.

शनिवारी दुपारी मेहुणा आणि सेक्रेटरी दोघं घरी आले. मेहुण्यानं फोन माझ्यासमोर धरला. सुनंदा ओढणीला हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि तिनंही भावाच्या खांद्यावरून तो फोटो बघितला.

आता मी तेव्हा काय म्हणू शकलो असतो? मी फसलो. मला कुणीतरी धमकावतंय. माझी चूक झाली. तीन वाक्यं. त्यातलं कुठलंही एक चाललं असतं.

मी म्हणालो, नायटा झालाय.

खरोखर झाला होता. गोदामात उन्हाळ्यात अर्ध्या लोकांना होतो. म्हणालो, मांडीवर नायटा झालाय, डॉक्टरला व्हॉट्सॲपवर दाखवायला फोटो काढला होता. माझ्या फोनमधून कुणीतरी चोरला. दिवसभर फोन माझ्याजवळ नसतोच — गेटवर असतो.

इथपर्यंत मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ही पळवाट मी मनात तीन वर्षं जपली. नाव मी घेतलंच नाही, नाव त्यांनी घेतलं. मेहुण्यानं विचारलं, गेटवर कोण असतं? मी खाली बघितलं. मग म्हणालो, एक बाई असते. सेक्रेटरी म्हणाले, तीच का, जिनं वहिनी पडल्या तेव्हा तुझा फोन उचलला होता? मी मान हलवली. एवढंच. मान हलवायला किती वेळ लागतो?

मेहुणा तापट. लगेच पोलीस ठाण्यात चल म्हणाला. आणि आता मी काय केलं ते ऐका. मी त्याला अडवलं. म्हणालो, नको, गरीब बाई आहे, घरसंसार आहे तिला. नाव खराब होईल तिचं. जाऊ दे.

पोलिसांत गेलो तर खोटं उघडं पडेल, हे खरं कारण. पण दिसलं काय? सेक्रेटरींनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्या बाईला तुरुंगात घातलं असतं, तू मोठ्या मनाचा माणूस आहेस. आणि इथं मी अडखळतो, कारण हेच मी कधी, कुणाला, गेटवरसुद्धा सांगितलेलं नाही — मला ते आवडलं. नुसती सुटका झाली म्हणून नाही. मोठ्या मनाचा म्हणवून घेणं मला आवडलं. संध्याकाळी चहा पिताना मला स्वतःबद्दल जरा बरंच वाटत होतं. त्या वेळी मंजुळाताई अंजूरला घरी पोचल्या असतील, उद्याच्या शिफ्टची तयारी केली असेल, आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

सोमवारी जोडीदारालाही मी नायट्याची तीच गोष्ट सांगितली, आणि त्यानं ती मॅनेजरला सांगितली. मॅनेजरनं मला बोलावलं, दार लावलं आणि लेखी तक्रार देता का विचारलं. मी नको म्हणालो. मग त्यानं विचारलं, पण त्या खिडकीत त्यांना ठेवायचं का? मी म्हणालो, ते तुम्ही ठरवा. मोठ्या मनाच्या माणसाला आणखी काय शोभणार!

मंजुळाताईंना त्यांच्या सिक्युरिटी एजन्सीनं दुसऱ्या गोदामाच्या मागच्या फाटकावर टाकलं, जिथं फक्त ट्रक मोजायचे. कारण सांगितलं नाही. पण आमच्या भागात कारण सांगावं लागत नाही. वळ काय, अंजूर काय, प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कुठल्या तरी गेटवर असतं, आणि बोलणं एका गेटवरून दुसऱ्या गेटवर ट्रकच्या आधी पोचतं. आठवड्याभरात ते त्यांच्या गावात गेलं. पुरुषांचे फोन उघडून फोटो बघते. गावातल्या बायका त्यांच्याकडून ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायच्या, आधारचे, योजनांचे. आपला फोन त्यांच्या हातात देऊन निवांत बसायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. हे मला नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून.

आणि मग त्या आल्या.

सुटीच्या दिवशी, साडी नेसून. युनिफॉर्मशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो, पटकन ओळखलंच नाही. शिफ्ट सुटत होती, खिडकीसमोर रांग होती, आणि रांगेत मी होतो. त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचाच, मोठा. "साहेब, तुमी सगल्यांसमोर सांगा. मी तुमचा फोन कदी उघडला?"

रांग वळून बघायला लागली. पन्नास-साठ माणसं. नवीन गार्डसुद्धा खिडकीतून डोकं काढून बघत होता.

तुम्ही म्हणाल, इथं तरी? त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या रडत असत्या तर कदाचित — पण नाही, हे पुन्हा पळवाट शोधणं झालं. त्या रडत नव्हत्या, त्यांची खात्री होती. त्यांना वाटत होतं की हा माणूस विसरलाय, किंवा याचा काहीतरी गैरसमज झालाय, आणि समोर उभं राहिलं की हा खरं सांगेल. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मी आवाज मऊ केला. म्हणालो, "जाऊ द्या मंजुळाताई. झालं ते झालं. मी तुम्हाला माफ केलंय."

हे ते. एवढ्यासाठी इतकं लिहिलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वळल्या आणि रिक्षाकडे गेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, साहेबांचं काळीज मोठं आहे. दुसऱ्या महिन्यात त्यांनी मागच्या फाटकावरची नोकरीही सोडली.

त्यानंतर तीन वर्षं मी व्यवस्थित जगलो. हे सांगायला हवं, कारण अपराधी माणूस तळमळत असतो असं आपल्याला वाटतं. मी तळमळलो नाही. जेवलो, झोपलो, मुलीचं लग्न केलं. फक्त रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बंद व्हायचा. ओठ हलायचे. बाजूच्याला कळायचं नाही. तिसऱ्यालाही, व्यभिचार न करण्याच्या, बंद व्हायला हवा होता खरं तर, पण तिथं मी म्हणायचो. आणि खिडकीतली ती रीत गेली. नवीन गार्ड म्हणाला, मी कुणाच्या फोनला हात लावणार नाही बाबा, मला नोकरी करायची आहे. 'घर' कितीही वेळा वाजलं तरी वाजत राहायचं. एका हमालाला वडील गेल्याचं संध्याकाळी टोकन दिल्यावर कळलं. तो तिथंच पायरीवर बसला. मी त्याच्या मागे रांगेत उभा होतो.

या वर्षी विहारात एका रविवारी सकाळी मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल कार्यक्रम ठेवला होता. पोलिसांतल्या एक बाई बोलायला आल्या होत्या. साधं बोलल्या. असे फोटो बहुतेक वेळा चोरीला जात नाहीत, माणूस स्वतः पाठवतो, म्हणाल्या. फसलेल्या माणसानं लपू नये, तक्रार करावी, लाज धमकावणाऱ्याला वाटली पाहिजे. मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मला वाटत होतं की ही बाई तीन वर्षांपूर्वी का आली नाही. तेवढ्यात सेक्रेटरी कौतुकानं उठले. म्हणाले, मॅडम, चोरीलाही जातात, आमच्या यांचंच बघा. आणि माइक माझ्या हातात दिला.

मी बोललो. तीच गोष्ट, पहिल्यापेक्षा बरी करून. नायटा, गेट, बाई. त्यात एक नवीन वाक्य घातलं — की त्या बाईनं नंतर माझ्याजवळ कबूल केलं होतं. कुणी विचारलं नव्हतं. गोष्ट पुरी वाटावी म्हणून घातलं. टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला सुनंदा बसली होती, ती टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली. मी पेपर उघडला. ती मान वर न करता म्हणाली, "नायटा डॉक्टरला दाखवायला माणूस भांग पाडून, हसत उभा राहतो का हो?"

मी पेपर धरूनच बसलो.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "दादालाही कळलं असेल. नायटा तर दिसतही नव्हता त्यात."

तिनं तीन वर्षं का सांगितलं नाही, मी विचारलं. तिला वाटलं होतं, मी स्वतःहून बोलेन. मग वाटलं, आता जुनं झालं. मुलीचं लग्न व्हायचं होतं. तिच्याही मनाला ते खात होतं, कारण ज्या बाईनं तिच्यासाठी रिक्षा धाडली तिच्या वाट्याला हे आलं आणि ती गप्प राहिली. पण आज तुम्ही त्या बाईला कबूलच करायला लावलंत, ती म्हणाली. कुणीही विचारलं नसताना. एवढं बोलून पुन्हा मेथी निवडायला लागली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या क्षणी भीती वाटली नाही. हसूच आलं आधी, त्या भांगाच्या बोलण्यानं. मग रडू आलं. तीन वर्षं ज्या एका माणसापासून सगळ्यात जास्त लपवलं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्यानं मला रोज डबा करून दिला होता. छातीवर गोण ठेवून झोपायची सवय झालेल्या माणसाच्या अंगावरची गोण कुणीतरी उचलावी, तसं झालं. मी तिला सगळं सांगितलं. वर्षा, फुलांचे फोटो, सगळं. तिनं दोन-तीनदा मला थांबवलं, उठून आत गेली, परत आली. त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते बरोबरच होतं.

पुढच्या सुटीला मी एकटाच अंजूरला गेलो. मंजुळाताईंचं घर खाडीकडच्या बाजूला. मागची शेतं गेलीत, अंगणाला लागून एका गोदामाची पत्र्याची भिंत उभी आहे. अंगणात चादरीवर जवळा वाळत घातला होता आणि त्या त्यातला कचरा वेचत होत्या. आता त्या सुकी मासळी विकतात. मला बघून उठल्या नाहीत. नवरा रिक्षा पुसत होता, त्याचा हात थांबला.

मी उभ्यानं सांगितलं. फोटो मी स्वतः काढला, स्वतः पाठवला, तुम्ही फोनला हात लावला नव्हता, मला ते माहीत होतं, तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं. विहारात आणखी खोटं बोललो तेही सांगितलं. त्या वेचत राहिल्या.

मग म्हणाल्या, "माफ केलंय, म्हनालास तू मना." तीन वर्षांपूर्वी मी साहेब होतो आणि तुमी होतो. आता तू झालो होतो. "आठवतंय?"

हो म्हणालो.

"कशाबद्दल केलंस रं?"

माझ्या जिभेवर 'मला माफ करा' आलं होतं, अगदी टोकावर, आणि तो शब्द मी एकदा काय भावानं वापरलाय हे आठवून मी तो गिळला. त्यांच्याजवळ ते मागायचा हक्क मी स्वतःच घालवला होता.

त्यांनी चादर झटकली. "माज्या अंगनात न्हाय सांगायचं. जिथं बोल्लास तिथं सांग. शिफ्ट सुटंल तवा. मी येन."

पुढच्या मंगळवारी त्या आल्या. तीच जागा, तीच रांग, माणसं बरीचशी बदललेली, पण जुनीही होतीच. मी मॅनेजरला आधी सांगितलं होतं. तो म्हणाला, गेटवर कशाला, एजन्सीला पत्र देऊन टाका. पत्र दिलंच, पण गेटवरही उभा राहिलो. मराठीत सांगितलं, मग हिंदीत, कारण रांगेतल्या अर्ध्यांना मराठी तितकीशी येत नाही. हिंदीत स्वतःला खोटारडा म्हणताना शब्द जरा शोधावा लागला. फोटो मैंने खुद भेजे थे. इन्होंने फोन नहीं खोला था. मैंने झूठ बोला, और इनका काम गया, इनका नाम गया. इन्होंने यहीं पूछा था, तब भी मैं झूठ बोला.

कुणी ओरडलं नाही. मागे कुणीतरी हसलं. एकजण खाली बघून बूट घासत होता. अन्सारीभाई — तेच, ज्यांना मुलगी झाल्याचा निरोप मंजुळाताईंनी दिला होता — म्हणाले, "साब, तीन साल लगे आपको?" मी हां म्हणालो. ते रांगेतून बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता मंजुळाताईंसमोर जाऊन उभे राहिले. मुलगी आता शाळेत जाते, म्हणाले. मंजुळाताईंनी तिचं नाव विचारलं.

मग त्या रांगेकडे वळल्या. "ऐकलं ना सगल्यांनी? आता घरी जाऊन सांगा. जसं तवा सांगितलंत, तसंच सांगा." आणि रिक्षात बसून गेल्या. एजन्सीनं त्यांना खिडकी परत देऊ केली होती, त्यांनी नको म्हटलं. गावातल्या बायका पुन्हा त्यांच्याकडे फोन घेऊन येतात का, मला माहीत नाही. ते विचारायला मी अंजूरला गेलो नाही, जाणारही नाही.

विहारात मी पुढच्या रविवारी सांगितलं. सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत. मेहुणा म्हणाला, मला माहीत होतं, आणि मग तोही जरा ओशाळला. मुलीला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, आईला फोन द्या. सुनंदाबरोबर जाऊन पोलिसांत तक्रारही दिली, तीन वर्षं उशिरा. लिहून घेणाऱ्यानं एकदाही मान वर केली नाही. त्याच्यासाठी ते रोजचंच होतं. एवढ्याशा गोष्टीला भिऊन मी एका बाईचं नाव मातीत घातलं.

मला हलकं वाटतंय. हे लिहायची लाज वाटते, कारण हलकं वाटण्याचा हक्क मंजुळाताईंचा आधी आहे आणि त्यांना तसं वाटतंय की नाही ते मला ठाऊक नाही. पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो — मला हलकं वाटतंय. विहारात पाचही शीलं आवाजात म्हणतो. चौथंही.

गोदामात माझी जागा तीच आहे. फक्त संध्याकाळी रांगेत उभा राहिलो की माझ्या पुढची माणसं थोडी पुढे सरकतात, मागची थोडी मागे राहतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत मी उभा असतो. पूर्वी माझ्या पाठीमागे लोक म्हणायचे, माणूस मोठ्या मनाचा आहे. आता काय म्हणतात ते मला ऐकू येतं. ते खरं आहे.